मास्तरांच्या पत्रातलं क्रियापद

आदरणीय अध्यक्ष महोदया, म्हणजे आमच्या मालकीणबाई. प्रमुख पाहुणे म्हणून आलेले आणि गेली वीस वर्षं आपले पेशंट आमच्या दारी पाठवणारे हाडांचे डॉक्टरसाहेब. व्यासपीठावर विराजमान असलेले आमचे व्यवस्थापकसाहेब. आजचे सत्कारमूर्ती मास्तर. त्यांच्या शेजारी अवघडून बसलेल्या वहिनी. समोर बसलेली, आम्ही शिवलेले बूट पायात घालून आलेली गिऱ्हाईक मंडळी. आणि खुर्च्या कमी पडल्या म्हणून मागच्या भिंतीला टेकून उभे असलेले, एरवीही उभ्यानंच काम करणारे माझे कारखान्यातले भाऊबहिणी, सर्वांना माझा नमस्कार.

कार्यक्रमपत्रिकेत छापलंय, ‘एका सहकाऱ्याचं मनोगत, पाच मिनिटं’. ती सहकारी म्हणजे मी. शिलाई विभागात एकोणीस वर्षं झाली. पाच मिनिटं मला पुरणार नाहीत, हे आधीच सांगून ठेवते. व्यवस्थापकसाहेब, घड्याळाकडे बघायचं तर खुशाल बघा, पण चिठ्ठी पाठवू नका. मी वाचणार नाही.

साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावून सांगितलं होतं, ‘दोन चांगले शब्द बोल. मास्तरांचा स्वभाव, मास्तरांचे कष्ट आणि नव्या यंत्रणेला मास्तरांनी दिलेल्या शुभेच्छा.’ स्वभावाबद्दल बोलते, कष्टांबद्दलही बोलते. शुभेच्छा दिल्याचं मी काही ऐकलेलं नाही. आणि शब्द दोन नाहीत, एकच आहे. तोही इंग्रजी. तुम्ही म्हणाल, दहावीत इंग्रजीनं जिची दांडी उडवली ती बाई इंग्रजी शब्दावर काय भाषण ठोकणार? तर ऐका.

पण आधी मास्तर. पाहुण्यांना माहीत नसेल म्हणून सांगते, आमच्या कारखान्यात सरळ पायांचे बूट होत नाहीत. एक पाय आखूड, टाच वळलेली, बोटं एकमेकांवर चढलेली, साखरेच्या आजारानं तळपाय बधिर झालेला, अशांचेच बूट आम्ही करतो. प्रत्येक गिऱ्हाइकाच्या पायाचा एक लाकडी साचा असतो, त्याला आम्ही फर्मा म्हणतो. फर्म्यावर चामडं ताणून बूट उभा राहतो. तीनशे बारा माणसांचे फर्मे होते आमच्याकडे, फळ्यांवर ओळीनं मांडलेले. ते सगळे मास्तरांच्या हातचे, चौतीस वर्षांतले.

मास्तरांची माप घ्यायची तऱ्हा न्यारी. टेप सगळ्यात शेवटी. आधी गिऱ्हाइकाला चालायला लावायचं. मग उभं करून गप्पा सुरू, मुलांच्या, शेजाऱ्यांच्या, जिन्यातल्या भांडणांच्या, कशाच्याही. माणूस गप्पांत रमला की खरा उभा राहतो, असं त्यांचं म्हणणं. तो बोलत असायचा आणि मास्तर खाली बघत असायचे. ‘दिवसभर कुठल्या पायावर भार देता?’ असं थेट कधी विचारायचे नाहीत. विचारलं की माणूस खोटं बोलतो म्हणे, मुद्दाम नाही, त्याला स्वतःलाच ठाऊक नसतं.

मग फर्म्यावर चकत्या चिकटवायच्या. चामड्याच्या छोट्या, पातळ चकत्या. जिथं हाड वाढलंय तिथं एक, जिथं घासतं तिथं अर्धी, संध्याकाळी पाय सुजतो त्याच्यासाठी एक वेगळी. गिऱ्हाईक दर वर्षी येणार, दर वर्षी चकती वाढणार नाहीतर कमी होणार. एकेका फर्म्यावर पंधरा-पंधरा. नवख्या माणसाला वाटावं, कुणी खरकटं चिकटवून ठेवलंय. वहीत मास्तर फक्त नंबर लिहायचे. बाकीचा माणूस त्या चकत्यांत असायचा.

आता स्वभाव. साहेब म्हणाले स्वभावावर बोल. मी नवी असताना पहिला बूट शिवून अभिमानानं त्यांच्यापुढे ठेवला. त्यांनी चष्मा वर केला, शिवण नाकाशी धरली आणि म्हणाले, ‘छान. हा बूट ज्याच्या पायात जाईल त्याचा पत्ता घेऊन ठेव, भेटायला जावं लागेल दवाखान्यात.’ मी दोन दिवस रडले. तिसऱ्या दिवशी त्यांनी स्टूल ओढलं, माझ्या शेजारी बसले आणि बधिर पायाचा बूट आतून कसा शिवायचा ते दाखवलं. ‘त्याला टोचलेलं कळत नाही, म्हणून तुला कळायला हवं,’ म्हणाले. एकोणीस वर्षं मी त्यांच्याच शेजारी बसले. आमची स्टुलं इतकी जवळ की माझा गुडघा त्यांना लागायचा आणि ते ओरडायचे, ‘अगं, सरक की जरा!’

तर सात महिन्यांपूर्वी कारखान्यात यंत्र आलं. फर्मा त्याच्या पोटात ठेवायचा, उजेडाची रेघ फिरते आणि फर्मा संगणकात जातो. मग जेव्हा हवा तेव्हा तसाच्या तसा बाहेर काढायचा. चांगलं यंत्र आहे, मी त्याला नावं ठेवणार नाही. मास्तर तेव्हा पंधरा दिवस रजेवर होते, डोळ्याचं ऑपरेशन होतं. त्या पंधरा दिवसांत तीनशे बारा फर्मे यंत्रात गेले आणि लाकडी फर्मे बॉयलरमध्ये. जागा अडते म्हणून. मास्तर परत आले तर फळ्या रिकाम्या.

मास्तरांनी एवढंच विचारलं, ‘चकत्यांसकट घेतले ना?’

साहेब म्हणाले, ‘जसेच्या तसे.’

पुढचे काही महिने मंडळी, तुमच्यातल्या पुष्कळांना ठाऊक आहेत. बूट दिसायला इतके देखणे आले की आम्हीच बघत राहिलो. आणि मग एकेक माणूस परत यायला लागला. बसच्या कंडक्टरला तळपायाला जखम झाली. पाय बधिर, त्याला कळलंच नाही, मोजा लाल झालेला बायकोनं पाहिला. डॉक्टरसाहेब, तुम्हीच त्याचं बोट काढलंत. शाळेतल्या शिपाईमावशींनी नवे बूट काढून ठेवले आणि अनवाणी घंटा द्यायला लागल्या. आणि आमच्या प्राध्यापिकाबाई. तिसऱ्या रांगेत बसल्यात त्या, उजव्या हाताला पट्टा आहे. डावा पाय दीड इंच आखूड. चाळीस वर्षं वर्गात उभं राहून इंग्रजी शिकवलं, त्यातली तीस मास्तरांच्या बुटांत. नवे बूट घातल्याच्या तिसऱ्या दिवशी वाचनालयाच्या पायऱ्यांवरून पडल्या. मनगट मोडलं.

एकेचाळीस तक्रारी. साहेबांनी चौकशी केली आणि अहवाल लिहिला. यंत्रानं फर्म्यांची हुबेहूब नक्कल केली आहे. सबब दोष मूळ फर्म्यांत आहे. फर्मे ज्यांनी केले त्यांची दृष्टी अलीकडे अधू झाली होती.

आणि मास्तरांनी ते खरं मानलं!

मंडळी, इथं माझा आवाज चढला तर चढू द्या. चौतीस वर्षं ज्याच्या हातांवर लोक चालले, त्या माणसानं मान्य केलं की आपलेच डोळे गेले होते, आपलंच माप चुकत होतं आणि आपल्याला कळलंही नाही. दर रविवारी हा माणूस एकेका गिऱ्हाइकाच्या घरी जायचा, दारात उभा राहायचा आणि म्हणायचा, ‘माझ्याकडून चूक झाली.’ कंडक्टरच्या घरी गेले तेव्हा वहिनी सोबत होत्या. कंडक्टरच्या बायकोनं दार लावून घेतलं. वहिनी, तुम्ही मला हे सांगितलंत तेव्हा मी काय केलं? चहा ओतला. 

मागच्या महिन्यात पत्र आलं. इंग्रजीत. एवढी वर्षं एकाच खोलीत काम करून माणसाला काढायचं तर आपल्या भाषेत सांगायला जीभ वळत नाही, मग इंग्रजी बरी पडते. मास्तरांनी घडी उघडली, मिटली, पुन्हा उघडली आणि माझ्यापुढे धरली. मी अक्षर अक्षर लावून वाचलं. तक्रारींचं कळलं. कारखाना आभारी आहे, तेही कळलं. पण मधे एक शब्द होता, त्याच्यावर दोघेही अडलो. तुमची पद्धत नव्या यंत्रणेनं सप्लांट केली आहे, असं काहीतरी. मी साहेबांना विचारलं. साहेब हसले. ‘अगं, साधा शब्द आहे. जुनं गेलं, नवं आलं, इतकंच.’

साधा शब्द! त्याच आठवड्यात प्राध्यापिकाबाई आल्या, हात गळ्यात बांधलेला. मास्तर उठून उभे राहिले आणि माफी मागायला लागले. बाई म्हणाल्या, ‘आधी बसा तुम्ही. मी पडले, तुम्ही का थरथरताय?’ मास्तरांनी त्यांना पत्र दाखवलं. बाईंनी वाचलं. पुन्हा वाचलं.

‘हा शब्द कळून लिहिलाय की न कळून?’

मास्तर म्हणाले, ‘बाई, मला नुसता अर्थ सांगा.’

मी मधेच तोंड घातलं. ‘प्लांट म्हणजे झाड ना? एक उपटून दुसरं लावायचं, असं असेल.’

‘पुष्कळांना असंच वाटतं,’ बाई म्हणाल्या. ‘दर वर्षी वर्गात एखादा हात वर व्हायचाच. या शब्दाचा झाडाशी संबंध नाही. लॅटिनमधून फ्रेंचमध्ये, तिथून इंग्रजीत आलाय. सब म्हणजे खाली. प्लान्टा म्हणजे तळपाय.’

सगळ्यांनी माना वर केल्या. शिलाईची मशिनंसुद्धा थांबली. तळपाय म्हटल्यावर आम्ही ऐकणारच, दुसरं काय येतं आम्हाला?

‘शर्यतीत धावणाऱ्या माणसाच्या तळपायाखाली आपला पाय घालायचा आणि त्याला पाडायचं,’ बाई म्हणाल्या. ‘मूळ अर्थ एवढाच. अगदी खराखुरा पाय. पुढे कुणाला गादीवरून खाली खेचलं तरी हाच शब्द आला. मग कुणाचीही जागा बळकावली तरी हाच. डाव टाकून, लबाडीनं बळकावली तर जास्तच. आता लोक सौम्य अर्थानंही वापरतात, तुमचे साहेब सांगतात तसा. शब्द जुना होत गेला तसा त्यातला पाय दिसेनासा झाला.’

मास्तर हसले. कित्येक दिवसांनी हसले असतील. म्हणाले, ‘पण बाई, लांबचा माणूस पाय कसा घालणार? शेजारून धावणाराच पाहिजे की.’ आणि त्यांनी साहेबांच्या केबिनकडे पाहिलं. कारखान्यातल्या सगळ्यांनी तिकडेच पाहिलं. मीही पाहिलं, निर्लज्जासारखं. माझा गुडघा त्या वेळीही त्यांच्या स्टुलाला लागलेला होता.

आता मूळ गोष्ट सांगते. मालकीणबाई, तुम्ही नीट ऐका, तुमच्यापर्यंत ही पोचू दिलेली नाही. मास्तर, तुम्हीही ऐका, तुम्हाला तर पहिल्यांदाच कळतेय.

फर्मे जसेच्या तसे यंत्रात गेले नाहीत. मास्तरांच्या रजेच्या दुसऱ्या दिवशी साहेबांनी मला केबिनमध्ये घेतलं. यंत्र बसवायला आलेली माणसं आठवडाभरच थांबणार होती. चकत्यांच्या कडांवर उजेडाची रेघ अडकत होती, यंत्राला गुळगुळीत फर्मा लागतो. मी म्हटलं, ‘साहेब, दोन आठवडे थांबू या. मास्तर आले की एकेक चकती समजावून सांगतील.’ साहेब म्हणाले, ‘मग त्यांच्यावाचून कधीच चालणार नाही.’ शब्दन् शब्द हाच, साहेब. मान हलवू नका, मी तुमच्यासमोर बसले होते. मग तुम्ही म्हणालात, ‘शिलाईला पर्यवेक्षक नेमायचाय. मी तुझा विचार करतोय.’

मी चार दिवस चकत्या काढल्या. हातात चामडं कापायची रापी घेऊन, एकेक करून, मागून कानस मारून, फर्मा चकचकीत करून. तीनशे बारा माणसांच्या चकत्या. दोन पोती भरली. मी नवखी नव्हते हो! कुठली चकती कशासाठी आहे ते मला कळत होतं. कंडक्टरच्या अंगठ्याखालची काढताना कळत होतं. बाई, तुमच्या टाचेजवळ एकावर एक चार होत्या. तिसरी बसवली तेव्हा मास्तरांनी मलाच धरायला लावली होती, सरस वाळेपर्यंत अंगठ्यानं दाबून. तीसुद्धा मीच काढली. पोती बॉयलरवाल्याकडे मीच दिली. त्यानं विचारलं, ‘काय आहे गं हे?’ मी म्हटलं, ‘कचरा.’

मास्तर रजेवरून आले, साहेबांना विचारून झालं आणि मग स्टुलावर बसता बसता त्यांनी मलाही विचारलं होतं, ‘खरंच चकत्यांसकट गेले ना गं?’ साहेबांवर त्यांचा विश्वास नव्हता, माझ्यावर होता. मी सुईत दोरा ओवत होते. मान वर न करता म्हटलं, ‘हो मास्तर, जसेच्या तसे.’

म्हणूनच तक्रारी आल्या तेव्हा या माणसानं स्वतःला आंधळा समजायला सुरुवात केली. साहेबांच्या अहवालामुळे नाही. माझ्या त्या चार शब्दांमुळे.

यंत्राला मी दोष देत नाही. त्याला जे दाखवलं ते त्यानं इमानानं उतरवलं. या सगळ्या प्रकरणात खोटं न बोललेलं तेवढं ते एकटंच.

साहेब, तुमच्यावर मी चिडले आहे, आणि ते लपवायचं मला कारण नाही. यंत्र आणलंत म्हणून चिडलेले नाही. पायाखाली पाय घातलात तुम्ही, आणि पडलेल्या माणसाला पुष्पगुच्छ देऊन म्हणता, ‘दमला होता बिचारा, डोळे अधू झाले होते.’ वर त्याच्या निरोपाला बोलायला कोण निवडलंत? मी! तुम्हाला वाटलं, हिला पर्यवेक्षक केलंय, ही गोड बोलेल. एवढं मात्र बरोबर ओळखलं होतंत, मी सात महिने गोडच बोलत होते. पण तुमच्यापेक्षा मला माझाच जास्त संताप येतो. तुम्हाला चकत्यांमधलं काही कळत नव्हतं. मला सगळं कळत होतं.

मालकीणबाई, हा कागद. यात मी सगळं लिहून सही केली आहे. तारखा आहेत, बॉयलरवाल्याचं म्हणणं आहे, तो मागे उभा आहे, विचारा त्याला. तो अहवाल मागे घ्या आणि एकेचाळीस घरी पत्र जाऊ द्या की मास्तरांचं माप बरोबर होतं. ते पत्र इंग्रजीत नको. पर्यवेक्षकाची खुर्ची मी आजच सोडतेय. शिलाईवर ठेवायचं की घरी पाठवायचं ते तुम्ही ठरवा, मी तक्रार करणार नाही. कंडक्टरकडे मी उद्या जाते. त्यांनी दार लावलं तर लावू देत, ते दार माझ्याच तोंडावर लागायला हवं होतं.

मास्तर, खाली बघू नका. तुमची नजर शाबूत आहे. तीनशे बारापैकी एकाही फर्म्यावर तुमचं माप चुकलेलं नव्हतं. एकाही. आता कुणाच्या घरी जाऊन हात जोडू नका, पाया पडते.

अध्यक्ष महोदयांनी मला मधेच थांबवलं नाही, त्याबद्दल त्यांचे आभार. डॉक्टरसाहेबांचे आभार, सगळ्या गिऱ्हाईक मंडळींचे आभार. प्राध्यापिकाबाई, तुम्ही त्या दिवशी शब्द नीट फोडून सांगितला नसतात तर मी आजही गोडच बोलले असते, म्हणून तुमचे आभार कसे मानू ते मला कळत नाही. बोलायची सवय नाही, तेव्हा बोलण्यात काही उणंअधिक झालं असेल, कुणाचा मान राखायचा राहून गेला असेल, तर सभागृहानं मोठ्या मनानं मला माफ करावं.

मास्तर, तुम्ही मात्र करू नका. तुम्ही आत्ताच मान हलवायला लागलात, मला दिसतंय. हलवू नका. निदान आज तरी रागवा माझ्यावर.

धन्यवाद.